उशीर कोणाचा?

वार्षिक अंकाच्या मराठी विभागात शिक्षकांपैकी कोणीतरी एखादे प्रवासवर्णन लिहावे, अशी आमच्या शाळेची जुनी वहिवाट आहे. वेरूळ, लोणार, चिखलदरा, गाविलगड ही स्थळे आमच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच वर्णून टाकली असल्यामुळे आमच्या वाट्यास अमरावती ते अकोला हा सुमारे शंभर किलोमीटरांचा, रोजच्या पाहण्यातला रस्ता तेवढा उरला आहे. त्यातही आमचा तो प्रवास वेळेवर पुरा झाला नाही. तथापि वेळेवर पोचलेल्या प्रवासांनी जे आम्हांस शिकविले नाही, ते या एका खोळंब्याने शिकविले. आणि त्या दिवसाचे एक देणे अजून आमच्या शिरावर आहे. म्हणून हा लेख.

गेल्या जानेवारीत अकोल्यातील एका शाळेने आंतरशालेय वादविवाद स्पर्धा भरविली होती. प्रत्येक शाळेतून दोन विद्यार्थी यावे, एकाने विषयाच्या बाजूने व दुसऱ्याने विरुद्ध बोलावे, असा नियम होता. ‘यंत्राने माणसाचा वेळ वाचविला आहे’ हा विषय. आमच्या शाळेतून नववीतील एक मुलगी व आठवीतील एक मुलगा निवडला गेला. मुलगी विषयाच्या बाजूने बोलणार होती. तिने महिनाभर ग्रंथालयातील मधली सुटी सोडली नव्हती. ही स्पर्धा नववीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठीच असल्यामुळे तिला ती एकदाच लाभणार होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्ही ते पुरेसे ध्यानात ठेवले नाही.

तिचे वडील एस.टी. महामंडळात चालक आहेत. आदल्या आठवड्यात ते शाळेत आले व म्हणाले, “सर, सकाळच्या गाडीनं पाठवतो मी पोरांले. साडेदहाच्या आत अकोल्यात पोचतात.” आम्ही हसून म्हणालो, “बसमधील धक्काबुक्की कशाला? आमची मोटार आहे. आमच्या घरच्या मंडळीही बरोबर येतील. मुले आरामात जातील.” तो गृहस्थ क्षणभर थांबला, “बरं जी” म्हणाला आणि गेला. आपण कोणाचे तरी ओझे हलके केले, अशा समाधानात आम्ही त्या दिवशी घरी परतलो.

आता मोटारीविषयी. ही मोटार आम्ही दुसऱ्याच्या हातची घेतलेली आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती धुण्यास दिली असता तेथील कारागिराने तिच्या पोटाखाली पडलेले पाण्याचे थेंब आम्हांस दाखविले व सांगितले, “पाण्याचा पंप झिरपतो आहे, आठवड्याच्या आत बदलून घ्या.” आम्ही मान डोलाविली. पुढे नाताळचा कार्यक्रम आला, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. गाडीतील पाणी कमी झाले की आम्ही आवारातील बोअरचे पाणी तांब्याने ओतीत असू आणि काम झाले असे समजत असू. तीन आठवडे हा क्रम चालला.

त्या शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही चौघे निघालो. बडनेरा मागे पडले, लोणी मागे पडले. रस्ता इतका गुळगुळीत की मुलांच्या हातातील कागदही हलेना. या रस्त्याची आठवण ज्यांस आहे त्यांस याचे नवल कळेल. पूर्वी अमरावतीचा माणूस अकोल्यास उशिरा पोचला तर त्यास कोणी कारण विचारीत नसे; रस्त्याने जावयाचे आहे एवढेच पुरे. आपल्या वऱ्हाडची काळी माती कपाशीस जितकी मानवते तितकी सडकेस मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते व तिला भेगा पडतात. वरची सडक बिचारी मधल्या मध्ये मोडते. त्यात चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रखडलेले. शेवटी २०२२ सालच्या ३ जून रोजी सकाळी लोणी ते माना या भागात डांबरी थर घालण्यास प्रारंभ झाला आणि ७ जूनच्या सायंकाळपर्यंत रात्रंदिवस काम चालून, १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचा ७५ किलोमीटर लांबीचा थर अखंड पुरा झाला. सातशे वीस माणसे त्यासाठी राबत होती. गिनीज बुकात या कामाची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. यापूर्वीचा विक्रम कतार देशातील दोहा येथील होता. तेथे २०१९ मध्ये पंचवीस किलोमीटरांहून थोडा अधिक रस्ता दहा दिवसांत झाला होता.

ही हकीकत आम्ही मोठ्या अभिमानाने मुलांस सांगत होतो. मुलीने लगेच वहीत टिपून घेतले, “यंत्राच्या साहाय्याने १०५ तासांत ७५ किलोमीटर”. तिच्या बाजूस एक मुद्दा मिळाला होता. मुलगा म्हणाला, “पण सर, त्याच्या आधी इतकी वर्षे का लागली?” त्याच्याही बाजूस मुद्दा मिळाला. या आनंदात समोरील काटा तांबड्या खुणेकडे सरकत असलेला आम्हांस दिसला, आणि ऊन चढते आहे म्हणून तसे होत असेल, अशी आम्ही आमची समजूत घातली.

कुरूम गेले, माना गेले. मूर्तिजापूर काही किलोमीटरांवर असता पुढील झाकणाखालून वाफेचा लोट निघाला व गाडी कडेस लावावी लागली. नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती. आम्ही उतरून रेडिएटरचे टोपण उघडावयास गेलो, तोच कापूस टाकून गावाकडे परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने ओरडून आम्हांस थांबविले. बरे केले. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांवर गेले तरी उकळून बाहेर पडत नाही. परंतु टोपण सैल होताच ते एकदम उसळते आणि माणसाचा चेहरा भाजून काढते. विज्ञानाच्या तासास हेच आम्ही कुकरचे उदाहरण देऊन शिकवितो. फळ्यावरचे ज्ञान त्या वेळी हातापर्यंत आले नाही, एवढेच. त्या भल्या माणसाने आपला ट्रॅक्टर वळविला, दोर बांधला व आमची मोटार मूर्तिजापुरात एका मिस्त्रीच्या दारी ओढून आणून सोडली. पैसे देऊ लागलो तर घेईना.

मिस्त्री तिशीच्या आतला, अंगाने किरकोळ. त्याने वाकून खाली पाहिले, बोटाने पाणी चाखले आणि थुंकून टाकले. “सर, यात पाणी कोनतं टाकलं?”

“बोअरचे,” आम्ही म्हणालो.

“हे खारं पाणी मानसाच्या पोटाले चालत नाही जी, इंजनाले कसं चालन?”

पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांचा मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. आमची शाळा त्या पट्ट्यात नाही, असे आम्ही म्हणणार होतो. पण त्याने पंप खोलून त्यात जमलेला पांढरा थर व गंज आमच्यापुढे धरला, तेव्हा गप्प बसलो. बोअरचे पाणी खारे नसले तरी जड असते. त्यातील क्षार तापून धातूवर बसतात. म्हणूनच गाडीत साधे पाणी न घालता त्यासाठी तयार केलेले द्रव घालावयाचे असते. मग त्याने पंपाच्या अंगावरील एक बारीकसे छिद्र दाखविले. हे छिद्र कारखान्यातच मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी तेथून थेंबाथेंबाने बाहेर येते, ते एवढ्याचसाठी की मालकास वेळीच कळावे. “हे भोक म्हंजे पंपाची चिठ्ठी असते जी,” तो म्हणाला. ती चिठ्ठी तीन आठवडे रोज आमच्या अंगणात पडत होती.

“किती वेळ लागेल?” आम्ही विचारले.

“पंप इथं भेटत नाही. अकोल्याहून बोलवा लागते. दुपार होइन.”

त्याने ‘दुपार’ म्हटले, हे आम्ही ऐकले होते. आमच्या घरच्या मंडळींनीही ऐकले होते. मुलांनीही ऐकले होते. पुढे जे घडले त्यास म्हणून दुसरे कोणी कारण नाही.

दहा वाजता अकोल्याकडे जाणारी एस.टी. गावात आली. मुलगी म्हणाली, “सर, आम्ही या गाडीने जाऊ का?” आमच्या पत्नी म्हणाल्या, “मी जाते दोघांना घेऊन. तुम्ही गाडी घेऊन मागाहून या.” ती बस तासाभरात अकोल्यास पोचली असती आणि हजेरी अकरा वाजता होती. आम्ही म्हणालो, “अर्धा तास थांबा. काहीतरी तोड काढतो.” आमच्या मनात काय होते हे आज स्पष्ट सांगावयास पाहिजे. त्या मुलीच्या वडिलांना आम्ही हसून नाही म्हटले होते. आता त्याच एस.टी.त त्यांची मुलगी बसविणे आम्हांस कमीपणाचे वाटले.

ती तोड म्हणजे काय, तर आम्ही मिस्त्रीस गळ घातली की, पाणी भरून दे, हळूहळू नेतो, दर दहा किलोमीटरांवर थांबतो. तो म्हणाला, “नाही जी. इंजनाचं हेड वाकलं तं पंपाच्या जागी इंजन बदला लागते.” आम्ही जरा आवाज चढवून म्हणालो, “गाडी आमची आहे.” त्याने पाना खाली ठेवला. “गाडी तुमची हाये सर, पण काम माह्या हातचं हाये.” परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘महत्त्वाचे तेवढेच सांगा’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही जे तोंड भरून सुनावीत असतो, ते सर्व या माणसाने एका वाक्यात आम्हांस सुनावले.

अकोल्याच्या दुकानाशी तो दूरध्वनीवर बोलू लागला. दुकानदाराने गाडीचे साल विचारले. मिस्त्री म्हणाला, “कागद पाहून सांगा.” आम्ही कागद न पाहताच, शिक्षकास शोभेल अशा खात्रीने साल सांगून टाकले. साडेदहाच्या सुमारास दुसरी बस आली. मुलगी या वेळी काही बोलली नाही. नुसती आमच्याकडे पाहू लागली. आम्ही म्हणालो, “पंप निघाला आहे, आता कसली काळजी?” बस गेली. पावणेबारास एका बसचालकाच्या हाती पंप आला. तो आमच्या गाडीचा नव्हता. ज्या साली आम्ही गाडी घेतली ते साल आम्ही सांगितले होते. ज्या साली ती तयार झाली ते साल दोन वर्षांनी मागचे होते, आणि मधल्या काळात कारखानदाराने पंप बदलला होता. कागद आमच्या समोरच्या कप्प्यातच होता.

मुलगी उठून निंबाच्या झाडामागे गेली. आमच्या पत्नी तिच्यामागे गेल्या. आम्हांस जाण्याचे धैर्य झाले नाही.

दुसरा पंप येईपर्यंत दोन तास होते. मुलास काही सुचेना, म्हणून त्याने मिस्त्रीचा खराटा घेऊन निंबाखालची जागा झाडावयास आरंभ केला. गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुरी गावी, मामाच्या घरी गेले, हे त्यास ठाऊक होते की नाही कोण जाणे. पण जागा स्वच्छ झाली आणि जवळच्या चहाच्या टपरीवरील दोघेतिघे तेथे येऊन बसले. तेव्हा मुलगी परत आली. तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, “सर, पाठ केले आहे ते इथेच म्हणून दाखवू का?”

आणि तेथे, टायरांच्या राशीजवळ, वादविवाद झाला. मुलीने कापसाच्या सरकी काढण्याच्या यंत्रापासून आरंभ केला, १८६७ मध्ये मुंबई व नागपूर लोहमार्गाने जोडली गेली तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचे दिवस कसे वाचले ते सांगितले आणि सकाळी टिपलेल्या १०५ तासांवर शेवट केला. मुलगा उठला. त्याने याच मूर्तिजापुरातून निघणाऱ्या शकुंतला गाडीची गोष्ट काढली. यवतमाळची शाखा १९०३ची, अचलपूरची १९१३ची. तिची गती इतकी मंद की लोक तिची थट्टा करीत. तरी तिने पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोचविली आणि आज तिचे रूळ गवतात पडून आहेत. मग आमच्या मोटारीकडे हात करून तो म्हणाला, “माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा येथेच उभा आहे.” सर्व हसले. मुलगीही हसली. त्या हसण्याने आमच्या छातीवरचा दगड थोडा हलला, हे कबूल करतो.

निकाल कोणी द्यावा? मुलांनी मिस्त्रीस परीक्षक नेमले. तो हात पुसत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “दोघांचंही बरोबर हाये. यंत्र टाइम वाचवते, पण आधी त्याले टाइम द्या लागते. जो देत नाही, त्याचा ते हिसकून घेते.” मुलीने वही उघडून हे वाक्य लिहून घेतले.

चार वाजता गाडी तयार झाली. मिस्त्रीने ठरल्यापेक्षा एक रुपया अधिक घेतला नाही. आता अमरावतीस परत फिरावे असे आमचे मत होते, पण मुलगी म्हणाली, “निदान सभागृह तरी पाहू.” काटेपूर्णा ओलांडली, बोरगाव मंजू मागे टाकले आणि पाच वाजता अकोल्यास पोचलो. सभागृहात खुर्च्या एकीवर एक रचून ठेवणे चालले होते. फळ्यावर विषय अजून पुसलेला नव्हता. त्याखाली विजयी शाळांची नावे होती. मुलीने ती सर्व वाचली. आम्ही संयोजकांची क्षमा मागितली. ते सौजन्याने बोलले. नियम मोडणे त्यांस शक्य नव्हते आणि आमचीही तशी अपेक्षा नव्हती.

रात्री तिच्या घरी गेलो. वडील नुकतेच कामावरून आले होते. आम्ही सर्व हकीकत सांगितली. दोन बस कशा आल्या व आम्ही त्या कशा जाऊ दिल्या, तेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. “पोरगी सुखरूप आली ना जी,” एवढेच म्हणाले. मग थोड्या वेळाने, रागाने नव्हे, सवयीने म्हणाले, “डेपोतून गाडी काढायच्या आधी आमी पाणी पाहतो.”

विद्यार्थिमित्रांनो, वर्गात उशिरा येणाऱ्यास आम्ही उभे करून विचारतो, “उशीर का झाला?” कोणी सायकलचे नाव सांगतो, कोणी फाटकाचे, कोणी पावसाचे. आम्हीही त्या दिवशी प्रथम पंपाचे नाव सांगितले, मग दुकानाचे, मग मिस्त्रीचे. रस्त्याचे नाव सांगण्याची सोय २०२२ सालीच गेली होती. एकेक नाव खोडीत गेलो, तेव्हा शेवटी एकच उरले. दुरुस्तीस जे सात तास लागले ते आम्ही मूर्तिजापुरात मोजले; त्यापूर्वीचे तीन आठवडे मोजावयाचे राहून गेले होते. आणि त्याहूनही आम्हांस बोचते ती दहा वाजताची बस. गाडी नादुरुस्त होणे हा प्रमाद होता. बस जाऊ देणे हा अहंकार होता, आणि त्याची किंमत आम्ही नव्हे, एका मुलीने दिली.

तिची क्षमा आम्ही त्याच रात्री मागितली. परंतु तिचे महिनाभराचे श्रम सर्व शाळेने पाहिले होते, म्हणून सर्व शाळेपुढे ती येथे पुन्हा मागत आहोत. तिच्या आईवडिलांचीही मागत आहोत. तिने हा लेख छापण्यापूर्वी वाचला. शकुंतला गाडीच्या एका सालात आमची चूक होती, ती तिने दुरुस्त केली आणि बाकी काही काढावयास सांगितले नाही.

यंदाच्या स्पर्धेस आमचा संघ सकाळच्या एस.टी.ने गेला. मुलगा आता नववीत आहे. त्याच्या जोडीस आठवीतील एक नवी मुलगी होती. तिची तयारी गेल्या वर्षीच्या मुलीने करून घेतली. मंडळी साडेदहाच्या आत पोचली. बक्षीस मिळाले नाही. परंतु हजेरीपटावर आमच्या शाळेचे नाव लागले.